तगारे सर चहाला येतात

“बिस्किटं संपली आहेत ना गं?” सानियाने विचारलं, आणि मी ओळखलं की मला बाहेर जायचं आहे.

बिस्किटं संपली नव्हती. ओट्यावरच्या काचेच्या बरणीत अर्धा पुडा होता, तो मला दिसत होता, तिला दिसत होता आणि दारात चपला काढत असलेल्या कॅप्टन शशांक तगारेंनाही दिसत होता. तरी मी पिशवी उचलली.

“खारी आण उमरीकर,” तगारे सर म्हणाले. “त्या कोपऱ्यावरच्या बेकरीची. जरा वेळ लागला तरी चालेल.”

सानिया मुजावर आणि मी नागपूरला एका छोट्या विमान कंपनीत सहवैमानिक होतो आणि एकाच फ्लॅटमध्ये राहत होतो. आमची पंख्यांची विमानं नांदेड, जळगाव, कोल्हापूर अशी जवळची गावं जोडायची. वैमानिक इतके थोडे होतो की कोणाच्या घरी काय शिजतं तेही सगळ्यांना माहीत असायचं. पण एक गोष्ट कोणीच कोणाला विचारत नसे. तगारे सर तुझ्याकडे चहाला का आले होते?

विमानात एक यंत्र सगळं नोंदवत असतं. वेग, उंची, कुठलं बटण कधी आणि किती दाबलं. कुठे मर्यादा ओलांडली गेली की कंपनीच्या संगणकावर ते उड्डाण लाल होतं. मात्र ते कोणी चालवलं, हे कंपनीला दिसत नसे. आमच्या संघटनेशी झालेल्या जुन्या करारानुसार नाव फक्त एका माणसाला कळायचं, आणि तो माणूस आमच्यातलाच असायचा. त्याला गेटकीपर म्हणत. तो विमानतळावर कधी बोलायचा नाही, फोनवरही नाही. घरी यायचा. काय झालं ते विचारायचा, ऐकून घ्यायचा, लागलं तर सिम्युलेटरवर सराव लावायचा, आणि कंपनीला इतकंच कळवायचा की कारण समजलं, उपाय केला. तगारे सरांनी हे काम कित्येक वर्षं केलं होतं. नावं ते कुठे लिहीत नसत. डोक्यात ठेवत.

मी खारी घेऊन परतले तेव्हा ते निघून गेले होते. सानिया चहाचं पातेलं घासत होती. ते आधीच लख्ख झालं होतं, तरी घासत होती.

“काय झालं?”

“काही नाही. साखर जास्त पडली चहात.”

“ओरडले?”

“तगारे सर ओरडतात का कधी?” ती म्हणाली, आणि पातेलं पुन्हा नळाखाली धरलं.

मी पुढे विचारलं नाही. तसा शिरस्ताच होता.

*

नंतरच्या आठवड्यात सरांनी मलाच घरी बोलावलं. वाटेत मी गेल्या काही दिवसांतली माझी उड्डाणं एकेक करून आठवत गेले. पण त्यांनी दार उघडताच सांगून टाकलं, “तुझं काही नाही. तू फिजिक्सची आहेस ना? एक आलेख बघायचाय.”

डायनिंग टेबलावर लॅपटॉप होता. पडद्यावर एका उतरत्या विमानाचे आलेख होते. तारीख नाही, विमानाचा क्रमांक नाही, गाव नाही.

“मला एकच शंका दूर करायचीय,” ते म्हणाले. “इथे कंट्रोल अडकले होते का? यंत्राचा दोष होता का? तुला काही ठाऊक नाही, म्हणून तुला विचारतोय.”

असल्या कामात मला रस होता. कोण, का, हे मी विसरूनच गेले. कंट्रोलची रेषा, वेगाची रेषा, उंचीची रेषा एकाखाली एक लावल्या. पहिली लक्षात आली ती ट्रिमची रेषा. ट्रिम म्हणजे हातावरचा भार हलका करायचं बटण, अंगठ्याखाली असतं. हा वैमानिक प्रत्येक दुरुस्तीनंतर ट्रिमला दोन बारीक टिचक्या मारत होता. एक पुरेशी असताना दोन. टिक टिक. प्रत्येक वेळी.

मग सगळं सपाट झालं. कंट्रोलची रेषा सरळ, ट्रिमची सरळ. विमान खाली जात होतं, वाऱ्याने थोडं डोलत होतं, आणि त्याला कोणी काहीच करत नव्हतं. धावपट्टी जवळ आल्यावर एक जोराचा हिसका, नाक वर, आणि मग चाकं टेकेपर्यंत नीटनेटकी, जरा घाईची हालचाल.

“अडकलेलं नाही सर,” मी म्हणाले. “अडकलं असतं तर कोणीतरी जोर लावलेला दिसला असता. इथे जोरच नाही. हात ठेवलाय, पण हात काही करत नाहीये.”

“हं.”

“आणि सर, हिसक्यानंतर त्या दोन टिचक्या नाहीत. एकदाही नाहीत. इथून पुढे विमान दुसऱ्याने चालवलंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला.

“फार बारीक बघतेस,” ते म्हणाले. कौतुकाच्या सुरात नाही. “कोकम सरबत घेशील?”

*

तोवर नव्या कराराचा मसुदा सगळ्यांच्या फोनवर फिरू लागला होता. आमच्या ड्युट्यांची यादी आदल्या संध्याकाळी यायची. पहाटेची ड्युटी, दुसऱ्या दिवशी रात्रीची, मग पुन्हा पहाटेची. सुट्टी मिळाली तरी उद्या आहे हे आज कळायचं. नव्या करारात दर महिन्याला सलग चार दिवसांची सुट्टी होती, आधीपासून ठरलेली, आणि रात्रीच्या ड्युटीनंतर पहाटेची नाही. बदल्यात कंपनीला एकच गोष्ट हवी होती. गेटकीपरची पद्धत बंद. लाल झालेल्या उड्डाणातल्या वैमानिकांची नावं थेट कंपनीकडे.

वाटाघाटी कॅप्टन ऑगस्टिन डाबरे यांनी केल्या होत्या. ते संघटनेचे अध्यक्ष. वसईचे, धिप्पाड, मोठ्याने हसणारे. घर वसईला, नोकरी नागपूरला. आई अंथरुणाला खिळलेली. सुट्टीचा दिवस मिळाला की ते मिळेल त्या विमानाने मुंबई गाठत आणि ड्युटीला परत हजर होत. येताना वसईची सुकेळी आणत. वाळवलेली, मधासारखी गोड केळी. सगळ्यांना वाटत.

मतदानाच्या आधी माझी त्यांच्याबरोबर नांदेडची फेरी लागली.

“घे,” वर स्थिर झाल्यावर त्यांनी सुकेळीची पुडी पुढे केली. “कसं मत देणार तू?”

“ठरवलं नाही सर.”

“म्हणजे विरोधात.” ते हसले. “तुम्ही शिकलेली मुलं ठरवलं नाही म्हणता तेव्हा ठरलेलं असतं. काय अडतंय?”

“गेटकीपर जाऊ नये असं वाटतं.”

“शशांक माझा मित्र आहे. एकाच वर्षी लागलो आम्ही. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला सांग, तो येतो कधी? गोष्ट घडून गेल्यावर. चहा पितो, समजून घेतो. चांगलं आहे. पण घडायलाच नको असेल तर काय पाहिजे? झोप पाहिजे. बाई, या कंपनीत सगळ्यांना झोप पाहिजे. ती मी आणलीय.”

“दोन्ही का नाही सर?”

“मी मागितलं नाही असं वाटतं तुला?” ते आता हसत नव्हते. “दुसरं काही घ्यायला तयारच नाहीत. पगार कमी करा म्हटलं. नको म्हणाले. त्यांना गेटकीपरचंच दार पाहिजे.”

उतरायला सुरुवात झाली. दहा हजार फुटांच्या खाली उड्डाणाशिवाय काही बोलायचं नसतं, तसा नियम आहे, आणि डाबरे सर नियमाचे पक्के. वाक्य अर्धं राहिलं तरी तिथेच थांबत. मे महिन्याची दुपार. खालून तापलेली हवा विमानाला धक्के देत होती. त्यांनी ऑटोपायलट काढला आणि हाताने उतरवायला घेतलं. मी वेग आणि उंची बघत होते.

नाक थोडं वर गेलं. त्यांनी खाली दाबलं. अंगठा हलला.

टिक टिक.

मला आधी कळलंच नाही की मी काय बघतेय. पुन्हा धक्का, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा अंगठा. टिक टिक. एक पुरेशी असताना दोन. त्या आलेखातला हात माझ्या शेजारी होता. त्याच्यावर राखाडी केस होते, अंगठीवर छोटा क्रूस होता, आणि बोटांना सुकेळीचा चिकटपणा होता.

हात ठेवलाय, पण हात काही करत नाहीये, असं मीच म्हणाले होते. डाबरे सर झोपले होते. उतरत्या विमानात, प्रवासी मागे असताना. आणि ज्या दुसऱ्या हाताने हिसका देऊन विमान वर घेतलं आणि नीट उतरवलं, तो हात तगारे सर चहाला येऊन गेल्यावर आमच्या घरी पातेलं घासत होता.

“उमरीकर, वेग,” डाबरे सर म्हणाले.

मी वेग सांगितला. चाकं टेकली. छान उतरवलं त्यांनी.

*

दुसऱ्या दिवशी मी तगारे सरांना विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाठलं. आधी कधी असं केलं नव्हतं.

“सर, तो आलेख. मी काल डा...”

“वाक्य पूर्ण करू नकोस.”

“पण सर, मतदानात...”

“उमरीकर.” त्यांनी गाडीची किल्ली खिशात परत ठेवली. “तू जे बोलशील ते मला ऐकावं लागेल. ऐकलं की ते आपण दोघांनी बोललेलं होईल. आत्ता ते फक्त तुझ्या डोक्यात आहे. तिथेच राहू दे.”

“तुम्ही उभं राहून एवढं जरी सांगितलंत ना, की अध्यक्षांनाच...”

“तर करार पडेल. माहितीय मला.” ते माझ्याकडे बघत नव्हते, धावपट्टीकडे बघत होते. “आणि गेटकीपर राहील. फक्त तो गेटकीपर नसेल. नाव फोडणारा माणूस असेल. त्याला कोण चहा देईल?”

*

सभा एका लग्नाच्या लॉनमधल्या एसी हॉलमध्ये होती. भिंतीवर आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती, वधूचं नाव अर्धं निघालेलं. लॉनचा माणूस दर थोड्या वेळाने दारातून डोकावून म्हणत होता, “सायेब, आटपा बरं का. पाच वाजता हळदीचं बुकिंग हाय.”

डाबरे सर चांगलं बोलले. सुट्टीचे दिवस, पहाटेच्या ड्युट्या, सगळं मुद्देसूद. मग प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या रांगेतले कॅप्टन गावंडे उभे राहिले. स्वभावाने वाईट नव्हते, पण बोलायला लागले की सभा जिंकायची असायची.

“मी म्हणतो, एवढा ऊहापोह कशाला? या गेटकीपरचा गेल्या वर्षात कोणाला काय उपयोग झाला ते सांगा. एकाने सांगा. आम्ही गप्प बसतो.”

गावंडेंनी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली.

“बघा. तगारे साहेब, राग मानू नका, पण तुम्ही फुकटच्या चहासाठी हिंडता असं लोक म्हणतात.”

हशा पिकला. तगारे सरही थोडे हसले.

मी सगळ्यांची तोंडं बघत होते. हॉलमध्ये किती जणांकडे ते चहाला गेले असतील? प्रत्येक जण समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता. ज्याचा जीव वाचला होता त्यालाच ते सांगता येत नव्हतं. सांगितलं की वाचणं संपलं. या पद्धतीचा पुरावा मागितला तर पुरावा नाही एवढंच उत्तर येणार होतं, आणि ती नीट चालत होती याचा तोच पुरावा होता. हे गणित मला तिथे बसल्या बसल्या लख्ख दिसलं, आणि ते कोणाला मांडून दाखवता येणार नाही हेही दिसलं.

मी डाबरे सरांकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला होता. पाणी संपलं तरी तो ओठांना लावलेलाच होता.

मी उभी राहिले.

“बोला मॅडम,” गावंडे म्हणाले. “तुमच्याकडे आले होते का चहाला?”

पुन्हा हशा. तगारे सरांनी मान हलवली नाही, हात हलवला नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. शेजारी सानियाने माझ्या कुर्त्याचं टोक घट्ट धरलं होतं.

“ज्याला सांगायचंय,” मी म्हणाले, “त्याला सांगता येत नसेल, असंही असू शकतं.”

“म्हणजे नाही,” गावंडे म्हणाले. “चला, हात वर.”

आमच्याकडे मतदान हात वर करूनच व्हायचं. कराराच्या बाजूने हात वर जाऊ लागले. सानियाचा हात सावकाश वर गेला. तिचे वडील कराडला डायलिसिसवर होते. चार दिवस सलग म्हणजे तिच्यासाठी काय, ते मला माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही, म्हणजे तिला माझ्याकडे बघावं लागू नये.

विरोधात आमचे थोडे हात होते. तगारे सरांनी मतच दिलं नाही.

लोक चहाकडे वळले. माझी बॅग स्टेजमागे होती, खुर्च्यांच्या थप्पीपाशी. मी ती घ्यायला गेले तेव्हा थप्पीच्या पलीकडे ते दोघे उभे होते. मला तिथून निघून जायला हवं होतं.

“तू बोलला असतास तर करार पडला असता, शशांक.”

“हो.”

“मग का नाही बोललास? मी वाट बघत होतो. गावंड्या बडबडत होता तेव्हा मला वाटलं, आता. आता उठतोय.”

“तू का नाही बोललास, ऑगस्टिन?” तगारे सरांचा आवाज नेहमीसारखाच होता. “मी झोपलो होतो, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या हॉलने तुला झोप दिली असती, आणि दारही राखलं असतं.”

“लायसन्स गेलं असतं माझं.”

“म्हणून तर मी होतो ना.”

पलीकडे कोणीतरी झेंडूच्या फुलांची पोती आणून टाकली. डाबरे सरांचा श्वास ऐकू येत होता.

“त्या पोरीने हात घातला नसता तर...” ते म्हणाले. “मला रोज दिसतं ते. रोज. मी दुसरं काय आणणार होतो? झोप आणली. त्यांनी किंमत सांगितली, मी दिली.”

“माझ्याकडची दिलीस.”

“हो,” डाबरे सर म्हणाले. “माझ्याकडे दुसरं काय होतं?”

“सायेब,” लॉनचा माणूस म्हणाला, “थे खुर्च्या घेऊ का?”

*

चार दिवसांची सुट्टी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळाली. मग ‘कामाच्या गरजेनुसार’ असे शब्द त्यात आले, आणि उन्हाळ्यात कामाची गरज नेहमीच असते. दार मात्र परत आलं नाही. उड्डाण लाल झालं की कंपनीचं पत्र येई, आणि वैमानिक वकिलाला विचारून उत्तर लिहीत. बहुतेक उत्तरांत एकच कारण असे. वाऱ्याचा अचानक झोत. मी एकदा कुतूहलाने हवामानाच्या नोंदी काढून पाहिल्या. त्या वर्षी नागपूरला वारा नेहमीइतकाच होता.

डाबरे सरांनी वर्षभरात नोकरी सोडली. कारण त्यांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. मी आता डाव्या खुर्चीत, कॅप्टनच्या जागी बसते. शेजारच्या मुलामुलींचे हात बघते. काय बघायचं ते मला कळतं. पण बघितलेलं घेऊन कोणाकडे जायचं, ते आता ठरलेलं नाही.

करार लागू झाला त्याच आठवड्यात, एका दुपारी आमची बेल वाजली. सानियाने दार उघडलं. दारात तगारे सर चपला काढत होते.

तिचा चेहरा उतरला. नुसत्या सवयीने. मीही सवयीनेच पिशवी उचलली आणि पायात सपाता सरकवल्या.

“कुठे निघालीस?”

“खारी आणते सर.”

“बरणीत आहे की. मला दिसतेय.” ते खुर्चीत टेकले. “बस. आता बाहेर जायचं कारण राहिलं नाही.”

मी सपाता काढल्या. सानियाने आधण ठेवलं. आम्ही तिघं त्या छोट्या टेबलाभोवती बसलो. यापूर्वी तिघं एकत्र असे कधीच बसलो नव्हतो. पंखा फिरत होता. सरांनी खारीचा तुकडा चहात बुडवला, तो विरघळून कपात पडला, आणि ते चमच्याने शोधत राहिले.

“मग,” चमचा बशीत ठेवत त्यांनी विचारलं, “बाकी काय?”

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, “काही नाही, सर.”